पिसाकमधल्या शमन-चित्रकाराच्या घरी जायचंय, तयारी काय करावी?

रंकाळा_काठ

मंडळी, ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही चौघं पेरूला जातोय. मी, हे, सासूबाई (वय ६६, मधुमेह, गोळ्यांवर नियंत्रणात) आणि मर्चंट नेव्हीतला धाकटा दीर. लिमाहून विमानानं कुस्को, त्या भागात सहा दिवस, मग परत. चौघांकडेही अमेरिकेचा व्हिसा आहे.

पिसाक गावाच्या वरच्या अंगाला एक चित्रकार राहतात. डोंगर, कोंडोर (तिकडचं मोठं गिधाड), पाचामामा (धरणीमाता) हे त्यांचे विषय. शमनही (देवर्षीच जणू) आहेत म्हणे. घरातच स्टुडिओ आहे. आधी कळवलं तर बघायला येऊ देतात आणि कुणाला हवा असेल तर विधीही करतात. दुकानात जाऊन चित्र बघणं वेगळं आणि कुणाच्या घरात, त्यातही देवाधर्माचं काम चालतं अशा घरात जाणं वेगळं, म्हणून विचारतेय. कळवायचं कसं? जाताना हातात काय न्यायचं? विधीला बसायचं तर तिथं नक्की काय करतात, आणि नाही म्हटलं तर चालतं का? सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत. एक चित्र विकत घ्यायचाही विचार आहे, ते ऐन पावसाळ्यात कोल्हापूरला आणायचं. ज्यांना माहीत आहे त्यांनी जरा सविस्तर सांगा.

गंगावेस_गडी

ताई, आधी तो 'शमन' शब्द पिशवीतनं काढून ठेवा. तो सैबेरियाकडच्या एवेंकी लोकांच्या भाषेतला, पुस्तकांतून जगभर पसरला. कुस्कोकडे केचुआ बोलणारे 'पाको' म्हणतात, तितिकाका सरोवराच्या बाजूचे आयमारा लोक 'यातिरी'. पाकोंतही दोन प्रकार मानतात. पर्वतांशी थेट बोलणारा तो आल्तोमिसायोक, आणि नैवेद्य मांडणारा, विधी चालवणारा तो पाम्पामिसायोक. घरी गेल्यावर 'माएस्त्रो' (उस्ताद) म्हणा, नाहीतर नावाआधी 'दोन' लावा (आकडा न्हवं, तिकडचं 'श्री'). बाई असतील तर 'दोन्या'. आणि पाचामामेतला मामा म्हणजे आई बरं का, आपला मामा न्हवं.

दुसरा घोळ आयाहुआस्काचा. ते अॅमेझॉनच्या जंगलातलं, भास घडवणारं पेय. पुकाल्पाचे पाब्लो आमारिंगो (१९३८–२००९) आधी आयाहुआस्का देणारे वैदू होते, पुढं चित्रकार म्हणून जगभर गाजले. 'शमन-चित्रकार' म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं त्यांची ती सापांची, वेलींची, झगझगीत रंगांची चित्रं येतात. पण ती परंपरा जंगलातली. डोंगरातल्या पाकोचं काम चालतं कोकाची पानं (चॉकलेटचा कोको न्हवं), 'मेसा' आणि 'देस्पाचो' यांच्यावर. मेसा म्हणजे कापडात बांधलेली त्याची गाठोडी, आत दगड, शंख-शिंपले, क्रूस असलं काहीबाही. देस्पाचो म्हणजे कागदावर मांडलेला नैवेद्य. पिसाकमध्ये परदेशी लोकांसाठी सगळ्याची मिसळ करून विकणारेही भरपूर आहेत, म्हणून आधी विचारून घ्या.

कळवायचं व्हॉट्सअॅपवर, स्पॅनिशमध्ये. आपल्यात आणि त्यांच्यात साडेदहा तासांचं अंतर आहे. कोल्हापुरात संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा तिथं सकाळचे नऊ. तीच वेळ धरा. संदेश छोटा ठेवा: किती जण, कोणता दिवस, स्टुडिओ बघायचाय की विधीही हवाय, एक ज्येष्ठ बाई बरोबर आहेत, पायऱ्या किंवा चढ किती. शेवटचं विसरू नका. 'वरच्या अंगाला' याचा अर्थ तिथं शे-दोनशे दगडी पायऱ्या असाही होतो, आणि त्या हवेत त्या पायऱ्या दुप्पट वाटतात.

तारखेचं सांगायचं तर १ ऑगस्ट टाळा. ऑगस्ट हा पाचामामेचा महिना. त्या दिवसांत जमीन उघडी असते, भुकेली असते असं मानतात, त्यामुळं १ तारखेला पाकोला घरोघरी बोलावणं असतं. पहिला आठवडाभर हीच गडबड. मंगळवार-शुक्रवार हे तिकडंही विधींचे वार, आपल्या देवीच्या वारांसारखेच. नुसता स्टुडिओ निवांत बघायचा असेल तर बुधवार किंवा सोमवार मागा. पिसाकचा मोठा बाजार मंगळवार, गुरुवार, रविवारी भरतो, त्या दिवशी गावात गाड्यांची कोंडी.

कुस्कोतून पिसाकला जाणाऱ्या वडाप व्हॅन पुपुती रस्त्यावरून सुटतात. अंतर ३३ किलोमीटरच्या आसपास, तासाभराचा घाट. भरली की सुटते, आपल्यासारखंच. पावितोस रस्त्यावरच्या गाड्या उरुबांबाच्या, त्यात चढून बसू नका.

व्हिसाचं: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला व्हिसा असेल तर भारतीयांना पेरूचा वेगळा लागत नाही. तरी तिकीट काढायच्या आधी दिल्लीतल्या पेरूच्या वकिलातीकडून ताजा नियम बघून घ्या.

नाडी_परीक्षा

उंचीकडं कुणीच बघत नाही म्हणून लिहितोय. आपलं कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या घरात, पन्हाळा हजारही भरत नाही. कुस्को ३,४०० मीटर. लिमा समुद्रकाठी आहे, तिथून सव्वा तासात विमान तुम्हाला थेट त्या उंचीवर उतरवतं. शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. त्याला तिकडं 'सोरोचे' म्हणतात: डोकं ठणकणं, मळमळ, झोप न लागणं, चार पावलांत धाप.

उपाय सोपा आहे. विमानतळावरून कुस्कोत मुक्काम न करता तसंच खाली खोऱ्यात जा. पिसाक २,९७० मीटर, उरुबांबा २,८७० मीटर. पहिल्या दोन रात्री तिथं काढा, कुस्को शेवटी ठेवा. तुमचे चित्रकार पिसाकलाच आहेत, म्हणजे बेत आपोआप जुळतो. पण भेट पहिल्या दिवशी नको, तिसऱ्या दिवशी ठेवा. डोकं दुखत असताना दोन तास मांडी घालून बसवत नाही.

अॅसिटाझोलामाइड (आपल्याकडं डायमॉक्स) प्रौढांसाठी १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून सुरू करून वर पोचल्यावर दोन दिवस. आपल्याकडं गोळी २५० ची मिळते, म्हणजे अर्धी-अर्धी. सल्फा औषधांची अॅलर्जी किंवा मूत्रपिंडाची तक्रार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं. हे अपेक्षितच आहे, घाबरू नका. सासूबाईंच्या बाबतीत आणखी एक: ग्लुकोमीटर थंडीत आणि उंचीवर चुकीचे आकडे दाखवू शकतो. यंत्र आणि पट्ट्या अंगाजवळच्या खिशात ठेवा. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलण्यात गोंधळ वाटला तर विधीबिधी सोडून तडक दवाखाना आणि खालची उंची.

आता लस. पेरू पीतज्वराच्या (यलो फीव्हर) देशांच्या यादीत आहे. कुस्को-माचू पिचूच्या उंचीवर तो पसरवणारा डास नाही, त्यामुळं पेरूत उतरताना तुम्हाला कुणी विचारणार नाही. विचारतात ते परत येताना, मुंबईत. पेरूतून निघून सहा दिवसांच्या आत भारतात आलात आणि पिवळं कार्ड (लसीचा दाखला) नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस फक्त सरकारमान्य पीतज्वर केंद्रावर मिळते, साध्या दवाखान्यात टोचून घेतलेली धरत नाहीत. कार्ड टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य आणि मग आयुष्यभर. म्हणजे निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. ही जिवंत विषाणूची लस आहे, साठीच्या पुढं पहिल्यांदाच घेताना गंभीर दुष्परिणामांची शक्यता वाढते. सासूबाईंबद्दल केंद्रावरच्या डॉक्टरांशी आत्ताच बोला. सूट द्यायचं ठरलं तर विमानतळ आरोग्य कार्यालयाकडूनही आधी लेखी विचारून ठेवा, कारण उतरल्यावर निर्णय त्यांचा असतो.

शेवटचं तुमच्या दिरासाठी. तिकडं हॉटेलात शिरल्या-शिरल्या कोकाचा चहा हातात देतात. पेरूत तो कायदेशीर आहे, सोरोचेवर उतारा म्हणून सगळे पितात. पण एक कप चहा घेतला तरी लघवीच्या तपासणीत कोकेनचा अंश सापडतो. जहाजावर चढण्याआधी ड्रग टेस्ट असते. त्यांनी चहा, पान, कोकाची गोळी, काहीच तोंडात घालू नये. 'मुन्या' नावाच्या डोंगरी पुदिन्याचा चहा मागावा, तो सगळीकडं मिळतो.

खडूस_पेठ

एवढं लांब जाऊन शेवटी देवर्षीच गाठायचा ना? हितं काय कमी हायत? चित्र घ्या, फोटो काढा, परत या. विधीबिधी म्हणजे पैसे काढायचे धंदे.

उंबरठा

खडूसराव, संशय ठेवायला हरकत काहीच नाही. फक्त तो कुठं ठेवायचा ते ठरवावं लागतं. तुमचा आजार घालवतो, तुमच्यावर कुणीतरी केलंय, ते काढायला एवढे जादा पडतील, असं कुणी म्हणाला तर उठून यावं. रात्री एकट्या बाईला बोलावलं तर जाऊच नये. पातेल्यातून काही प्यायला दिलं, मग त्याचं नाव काहीही असो, तर नको म्हणावं. 'वाचुमा' म्हणजे सान पेद्रो निवडुंगाचा काढा, त्यात मेस्कलिन हे भास घडवणारं द्रव्य असतं. आयाहुआस्कातल्या घटकाची नैराश्यावरच्या काही गोळ्यांशी घातक गाठ पडते. पाकोच्या देस्पाचोत यातलं काही प्यावं लागत नाही. तो नैवेद्य असतो, देण्याचा. सत्यनारायण घातला म्हणून कुणी भोंदू ठरत नाही, तसंच.

ताई, आता विधीचं. चौरंगावर पूजा मांडतात तशी मांडणी असते, फक्त ती पांढऱ्या कागदावर आणि जमिनीवर पसरलेल्या विणलेल्या कापडावर. आधी माणूस तीन-तीन कोकाची पानं निवडतो. न फाटलेली, टोक शाबूत, हिरवी बाजू वर. तीन पानांचा तो पंखा म्हणजे 'किंतु'. आपल्या किंतु-परंतुतला किंतु नव्हे, उलट मनात किंतु न ठेवता धरायचा असतो. अनेक ठिकाणी असे बारा करतात. प्रत्येकाच्या हातात एक दिला जातो. दोन्ही हातांनी घ्या, तोंडासमोर धरून त्यावर हलकी फुंकर घाला आणि मनातलं काय ते म्हणा. फुंकर डोंगरांकडं जाते, तिथल्या 'आपूं'कडं, म्हणजे पर्वतदेवांकडं. आउसांगाते (६,३८४ मीटर) आणि साल्कांताय (६,२७१ मीटर) ही नावं हमखास ऐकाल. मग तो किंतु परत द्यायचा, कागदावर मांडला जातो. चघळायला वेगळी पानं देतात. नको असतील तर हातात घ्या, फुंकर घाला आणि कापडावर ठेवा. दिरांनीही एवढंच करावं, कुणाला वाईट वाटत नाही.

नंतर एकेक वस्तू चढते: लाल आणि पांढऱ्या कार्नेशनच्या पाकळ्या (लाल पाचामामेच्या, पांढऱ्या आपूंच्या), मका, किनुआ, शेंगबिया, लाल-काळ्या वायरुरो बिया (आपल्या गुंजेची मोठी बहीण), साखरेच्या गोळ्या, बिस्किटं, सोनेरी-रुपेरी कागद, ढगांसाठी कापूस, इंद्रधनुष्यासाठी रंगीत लोकर, शिशाच्या इवल्या आकृत्या, ल्यामाची (उंटाच्या कुळातला तिकडचा प्राणी) चरबी आणि कधीकधी ल्यामाचं वाळवलेलं मृत पिल्लू. मग कागद चारी बाजूंनी दुमडून दोऱ्यानं बांधतात, ती पुडी प्रत्येकाच्या डोक्याला-खांद्याला टेकवतात आणि जाळतात किंवा पुरतात. जळताना मागं वळून बघायचं नसतं, खाणाऱ्याच्या ताटाकडं टक लावून बघू नये हाच न्याय. दीड-दोन तास सहज जातात. म्हणून 'आमची गाडी साडेचारला आहे' असं सांगून बसू नका. तिथं सगळ्यात जास्त बिघडतं ते घाईनं. पानं निवडतानाच मंडळी मोबाइल बघायला लागतात आणि मग मांडणारा माणूसही उरकायला लागतो.

तिथं 'आयनी' हा शब्द कायम कानावर येईल: दिलं-घेतलं बरोबरीत राहणं. आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या. आपल्याकडचा सावड तोच. त्यामुळं रिकाम्या हातानं जाऊ नये. पण भेट इथून न्यायची गरज नाही आणि नारळ, फुलं, बिया, हळकुंड तर पेरूच्या विमानतळावरच काढून घेतील. तिकडच्याच बाजारातून घ्या: ओरोपेसाचा मोठा गोल 'चूता' पाव, साखर, तांदूळ, फळं आणि कोकाच्या पानांची एक पिशवी. पाकोच्या घरी पानं नेणं म्हणजे आपल्याकडं पान-सुपारी नेणं. इथून काही न्यायचंच असेल तर चांगले ब्रश न्या, चित्रकाराला ते कधीच जास्त होत नाहीत.

त्याच्या मेसाच्या गाठोडीला हात लावू नका, पसरलेल्या कापडावरून ओलांडून जाऊ नका. फोटोआधी विचारा: 'से पुएदे तोमार फोतोस?' स्टुडिओत हो म्हणतील, विधीत नाही म्हणू शकतात. 'चिचा' दिली (मक्याची आंबवलेली, आपल्या चिंचेशी संबंध नाही) तर पहिले दोन थेंब जमिनीवर, पाचामामेला. जेवायच्या आधी चित्राहुती घालतात त्या घरात हे शिकवावं लागणार नाही. उंचीच्या पहिल्या दोन दिवसांत मात्र ओठाला लावून ठेवा.

आणि पैसे. चित्राचे वेगळे, विधीचे वेगळे. विधीचे किती ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा. चित्राच्या किमतीवर सौम्यपणे बोलता येतं, विधीवर घासाघीस करायची नाही. सर्वांत वाईट म्हणजे 'चित्र घेतोय ना, मग विधी फुकट करा' असं म्हणणं. दोन्ही कामं एकाच माणसाची असली तरी दोन्हींचा हिशेब वेगळा. सोल (तिकडचं चलन) रोख ठेवा, १० आणि २० च्या नोटांत. एटीएममधून शंभराच्या येतात आणि गावात सुट्टे मिळत नाहीत.

रंकाळा_काठ

किती नेमकं सांगितलंत सगळ्यांनी, आभार. पीतज्वराचं तर डोक्यातच नव्हतं, उद्याच फोन लावते. एक विचारायचं राहिलं. चरबी आणि ते पिल्लू ऐकून सासूबाई म्हणाल्या, मी बाहेर अंगणात बसते. ते वगळून करतात का? की असं मागणंच उद्धट?

उंबरठा

उद्धट अजिबात नाही, पण मांडायला बसल्यावर सांगू नका, कळवतानाच लिहा. पिल्लू तर बऱ्याच मांडण्यांत नसतंच. फुलं, धान्य आणि गोडाचा देस्पाचो करून देतात. चरबी मात्र काही पाकोंच्या मते सोडताच येत नाही. तसं म्हणाले तर सासूबाईंनी खरंच अंगणात बसावं. नुसतं बघत बसलं तरी चालतं, सगळ्यांनी हात लावलाच पाहिजे असं नाही.

तिखट_मीठ

जेवणाचं मी सांगते. 'कार्ने' म्हणजे तिकडं लाल मांस. 'कार्ने नको' म्हटलं की हसत हसत चिकन वाढतात. पूर्ण वाक्य पाठ करा: 'नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो, नि काल्दो दे कार्ने.' शेवटचं रश्श्याबद्दल, कारण किनुआचं सूप दिसायला शाकाहारी असतं आणि खाली हाडांचं पाणी. घरात गिनीपिग पळताना दिसले (तिकडं ते खातात) तर सासूबाईंना पाळीव आहेत एवढंच सांगा. उकडलेला मोठ्या दाण्यांचा मका आणि चीज (चोक्लो कॉन केसो), बटाट्यावर चीज-मिरचीची चटणी (पापा आ ला ह्वांकाइना), भाजलेले बटाटे, एवढ्यावर आरामात निभावतं. ऑगस्टच्या मागंपुढं शेतात ढेकळांची भट्टी रचून त्यात बटाटे भाजतात, 'वातिया' म्हणतात. मिळाली तर सोडू नका. आणि तिखटाची आठवण आली तर 'उचुकुता' मागा, रोकोतो मिरची, शेंगदाणे आणि वाकाताय पाला वाटलेली. ती कोल्हापूरकराच्याही कानातून धूर काढते.

रंगपेटी

स्टुडिओबद्दल कुणी लिहिलंच नाही, मूळ प्रश्न तोच होता.

आत गेल्यावर लगेच 'हे केवढ्याला' विचारू नका. आधी रंग कशात कालवलाय ते विचारा. त्या भागात तीन तऱ्हा दिसतात. एक, सरळ तैलरंग किंवा अॅक्रिलिक. दोन, मातीचे रंग सरसात कालवलेले, खाली जिप्समचा थर. हात लावला तर खडूसारखं लागतं आणि ओल्या बोटानं पुसलं जातं. तीन, लोकरीच्या रंगणीतून आलेले वनस्पती आणि कीटकांचे रंग. किरमिजी किडा निवडुंगावर वाढतो. वाळवून तळहातावर चुरडला की लाल, त्यात लिंबू पिळलं की नारिंगी, चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की जांभळा. बहुतेक जण हे करून दाखवतात. मग लगेच विचारा: चित्रात हा रंग वापरला असेल तर उन्हात किती टिकतो? लोकरीवर तुरटीनं बसवलेला किरमिजी बरा टिकतो, कागदावर पातळ लावलेला फिका पडतो. उत्तरावरून माणूस कळतो.

विषय बघायला थोडी पूर्वतयारी करून जा. कुस्कोच्या कॅथेड्रलमध्ये सतराव्या-अठराव्या शतकातली कुस्को चित्रशैली आहे, तुमचं कुस्को शेवटी असेल तर आधी तिचे फोटो बघा, त्यातला मोठा चित्रकार दिएगो किस्पे तितो (१६११–१६८१) स्वतः स्थानिक वंशाचा. बोलिव्हियातल्या पोतोसीच्या टांकसाळ-संग्रहालयात अठराव्या शतकातलं एक अनामिक चित्र आहे, त्यात मेरी माता डोंगरच झालीय: चेहरा आणि हात तिचे, झगा म्हणजे पर्वत. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि तुमच्या माएस्त्रोंना दाखवा. डोंगर आणि देव एकच, हे जोतिबाच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला समजावून सांगायला लागत नाही, गप्पा तिथून आपोआप सुरू होतील. वेळ असेल तर कुस्कोतल्या सान ब्लास चौकात इलारिओ मेंदिविल (मृत्यू १९७७) यांच्या घराण्याची कार्यशाळा-संग्रहालय आहे. लांब मानेचे संत, म्हणे ल्यामाच्या मानेवरून सुचलेले. कापड सरसात बुडवून घड्या घालतात. बापट कॅम्पात गणपतीच्या मूर्ती बघितलेल्यांना त्यातली हातोटी लगेच ओळखू येईल.

विकत घेताना: स्वतःच्या हातानं लिहिलेला कागद घ्या, त्यावर नाव, वर्ष, माप, माध्यम, आणि चित्रासोबत त्यांचा फोटो. पावतीही मागा, 'बोलेता' म्हणतात. जुन्या धाटणीचं, सोनेरी वर्ख लावलेलं चित्र असेल तर संस्कृती मंत्रालयाच्या कार्यालयातून 'हा वारसा नाही' असं प्रमाणपत्र काढा. पेरूत २००४ चा कायदा कडक आहे आणि विमानतळावरच्या माणसाला जुनं आणि जुन्यासारखं यातला फरक कळेलच असं नाही.

आणताना तैलरंग किती जाड आहे ते बघा. वरून कोरडा वाटला तरी जाड थर आत कित्येक महिने ओला असतो. तो गुंडाळला की तडा जातो किंवा चिकटतो. ताजं जाड तैलचित्र घेऊच नका, भिंतीवरचं वर्षभर जुनं मागा. अॅक्रिलिक थंडीत ठिसूळ होतं, म्हणून पहाटे उघड्या अंगणात गुंडाळू नका, दुपारच्या उन्हात खोली तापल्यावर गुंडाळा. आणि गुंडाळताना रंगाची बाजू *बाहेर*. सगळे उलट करतात. रंग आत ठेवला की थर दाबला जाऊन सुरकुततो. नळी किमान १५ सेंटीमीटर व्यासाची, चित्रावर बटर पेपर, त्यावर कापड. बबल रॅप थेट रंगावर कधीच नाही, बुडबुड्यांचे गोल कायमचे उमटतात. वर्तमानपत्रही नाही, शाई लागते. नळी केबिनमध्ये न्यायची तर ५५ सेंटीमीटरची मर्यादा धरून चित्राची अरुंद बाजू निवडा.

आता कोल्हापूर. कुस्कोची ऑगस्टमधली हवा कोरडी ठणठणीत, आपल्याकडं कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. घरी आल्यावर नळी लगेच उघडू नका, एक दिवस-रात्र खोलीत तशीच राहू द्या. मग उघडून सपाट ठेवा, रंग वर, खाली सुती चादर, प्लास्टिकमध्ये नाही. प्लास्टिकमध्ये दमट हवा कोंडते आणि महिन्याभरात मागून बुरशीचे काळे ठिपके येतात. चौकटीवर ताणायचं काम दिवाळीनंतर. पावसाळ्यात ताणलेल्या कॅनव्हासचा ताण हवा कोरडी झाली की बदलतो. फ्रेमवाल्याला कोपऱ्यात पाचरी असलेली, मुरलेल्या लाकडाची चौकट सांगा, खिळ्यांनी घट्ट ठोकलेली नको. बाहेरच्या भिंतीवर लावू नका, लावलंच तर मागं बुचाचे तुकडे चिकटवून बोटभर फट ठेवा. सरसातलं मातीरंगाचं चित्र असेल तर काच हवीच, पण काच चित्राला टेकता कामा नये. बटाटा आणि जिप्समच्या लगद्याच्या बाहुल्या असलेली पेटी (आयाकुचोचं रेताब्लो) आवडली तरी विचार करा. आपल्या पावसाळ्यात तिला सिलिका जेलसह बंद काचेच्या कपाटात ठेवावं लागतं, नाहीतर झुरळं आणि बुरशी दोघांची चंगळ.

नाडी_परीक्षा

एक भर. निघताना माएस्त्रो प्रेमानं मूठभर कोकाची पानं पुडीत बांधून देतील किंवा विधीतला एखादा किंतु 'घरी देव्हाऱ्यात ठेवा' म्हणून देतील. घ्या, पण पिसाकमध्येच एखाद्या झाडाच्या बुंध्याशी ठेवून या. भारतात कोकाचं पान अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात येतं, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. चहाच्या पुड्या आणि गोळ्याही आणू नका. वाटेत अमेरिकेत विमान बदलत असाल तर तिथंही बंदीच आहे. कोंडोरचं पीस तर कुणी दिलं तरी नाही, आंतरराष्ट्रीय व्यापाराला पूर्ण बंदी असलेल्या यादीत तो पक्षी आहे. वायरुरोच्या माळा बियाच असतात, त्यावरूनही अडवतात.

रंकाळा_काठ

भेट सोमवारी, तिसऱ्या दिवशी, दुपारी दोननंतर मागितली आहे, ऊन तापल्यावर गुंडाळता यावं म्हणून. चरबीचंही त्याच संदेशात लिहिलं. पायऱ्या किती ते विचारलं तर उत्तर आलं, 'पोकितो', म्हणजे थोड्याच.

गंगावेस_गडी

पोकितो म्हणाले का? मग सासूबाईंसाठी काठी घ्या आणि खालून वर मोटोटॅक्सी, म्हणजे तिथली तीनचाकी, कुठवर जाते ते विचारा. डोंगरातल्या माणसाचं थोडं आणि आपलं थोडं यात पन्हाळ्याएवढा फरक असतोय.